'फाजीलपणा' शोधताना शिकागोचे ऑनलाइन कोश कितपत कामाला येतात?

शिकागो विद्यापीठाचे 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' फुकट आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची, मुंबईतच छापलेली दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही तिथे आहेत. पारखायला 'फाजीलपणा' घ्यावा.

पोरांना दटावताना हिशेबवही कुणाला आठवत नाही; पण अरबी 'फाज़िल' म्हणजे उरलेले, जास्तीचे. मराठी हिशेबात फाजील म्हणजे जादा निघालेली रक्कम. 'फाजील आत्मविश्वास' म्हणताना तो अर्थ अजून शाबूत असतो. वागणे मर्यादेबाहेर सांडले की झाला फाजीलपणा. गंमत म्हणजे उर्दूत 'आलिम-फाज़िल' हा विद्वानाचा गौरव. तिथे जास्तीचे ते गुण, आपल्याकडे जास्तीचे ते चाळे!

शोधताना 'पणा', 'गिरी' काढून 'फाजील' एवढेच टाका; साधित रूपे बहुधा मूळ शब्दाच्या नोंदीत दडलेली असतात. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात मूळ भाषेचे आद्याक्षर असते: एस म्हणजे संस्कृत, ए अरबी, पी फारसी, एच हिंदुस्थानी. शब्द सापडला नाही तर तो कोशात नाही असे लगेच समजू नका. दोन्ही कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचे. 'करणे' नव्हे, 'करणें'. 'बुद्धी' नव्हे, 'बुद्धि'. निम्मे शोध इथेच फसतात.

सर्वांत उपयोगी सोय मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शीर्षशब्दांऐवजी संपूर्ण मजकुरात शोध निवडून मोल्सवर्थमध्ये 'सिली' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत टाका. वेडगळपणाच्या मराठी शब्दांची आख्खी जत्रा समोर येते. भाषांतरकारांनी एवढ्यासाठी तरी हे पान जपून ठेवावे. 'टाइमपास' वगैरे मुंबईचा माल अर्थातच त्यात मिळणार नाही.

व्युत्पत्तीला हे कोश तोकडे पडतात. आद्याक्षराची खूण शब्दाचे माहेर सांगते, वाट नाही. 'बावळट'च्या मागे बावळा, त्यामागे प्राकृत 'वाउल', त्यामागे संस्कृत 'वातुल', म्हणजे वाताने झपाटलेला. तापात बरळणाऱ्याला 'वात झालाय' म्हणतात, तोच हा वात. अशी साखळी मोल्सवर्थकडे मागण्यात अर्थ नाही, ती कृ. पां. कुलकर्णी यांच्या 'मराठी व्युत्पत्ति कोशा'च्या जातकुळीतली गोष्ट. त्यासाठी दादर पूर्वेला, नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करावी.

अर्थासाठी पाचपैकी साडेचार गुण, व्युत्पत्तीसाठी अडीच. टंकनाच्या चुकाही आहेत, तेव्हा छापायच्या मजकुरात उतारा घेण्याआधी तो छापील प्रतीशी ताडून पाहा.