"दांडा सोडला तरी जागचा हलत नाही" असं सांगून मला विकलेला क्रॉसबो

आम्ही ओहायोमध्ये राहतो. इकडे हरणांच्या शिकारीच्या सीझनला बरेच लोक क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून ट्रिगरने बाण सोडायचं धनुष्य, वापरतात, मी शिकार करत नाही पण तीन वर्षं क्लबच्या रेंजवर टार्गेटवर बाण मारायला जाते आणि मला ते मनापासून आवडतं. मागच्या वर्षी डावा खांदा आखडला, फ्रोजन शोल्डर, आणि क्रॉसबो कॉक करणंच जमेना.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कॉक करणं म्हणजे दोरी मागे ओढून लॅचमध्ये अडकवणं, आणि सगळ्यात कष्टाचं काम तेच. दोनशे पौंडांचा क्रॉसबो म्हणजे ९० किलोचा ताण. पुढच्या रिकिबीत पाय घालून नुसत्या हातांनी ओढायला गेलं तर कंबर धरते, आणि एका हाताचा जोर जास्त पडला तर दोरी मधोमध बसत नाही, मग बाण भलतीकडे जातो. हुक आणि छोट्या पुलीवाला दोर मिळतो त्याने जोर निम्मा होतो, पण निम्मा म्हणजेसुद्धा ४५ किलो, माझ्या खांद्याला ते कुठून झेपणार? म्हणून क्रँकवाला घ्यायचं ठरवलं. दांडा फिरवला की आतले गिअर फिरतात, रिळावर पट्टा गुंडाळला जातो आणि दोरी हळूहळू मागे येते, दांड्याला काही पौंडांचाच जोर लागतो. कल्पना काही नवीन नाही, युरोपात पंधराव्या शतकात पोलादी कमानी हाताने ओढणं अशक्य झालं तेव्हाच दांड्याची आणि दातेरी चाकांची यंत्रं वापरात होती.

आता मी जिथे फसले ते नीट वाचा. जुन्या क्रँकमध्ये दातेरी चाकावर एक खटका पडत जातो, त्याचा टक टक आवाज येतो, आणि दोरीला पुन्हा पुढे जाऊ देत नाही तो हाच खटका. अलीकडच्या काही मॉडेलमध्ये खटक्याऐवजी ब्रेकसारखा क्लच असतो, आवाज जवळजवळ नाही आणि दांडा मधेच सोडला तरी आहे तिथेच थांबतो. साहजिकच ते महाग. मला जाहिरातीत हेच नवं मॉडेल दिसलं, सेकंडहँड, ६०० डॉलर, "अजिबात आवाज नाही, दांडा कधीही सोडा, जागचा हलणार नाही". विकणारा माणूस बोलायला फार गोड, माझ्या खांद्याची चौकशी केली, म्हणाला तुमच्यासाठी तर हाच बरोबर आहे. मी व्हिडिओ मागितला तर त्याने पाच-सहा सेकंदांचा पाठवला, दांडा फिरतोय आणि खरंच आवाज नाही, पण त्यात त्याने हात एकदाही काढलेला नव्हता आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही. पैसे त्याने ॲपवर मित्राला पाठवतात त्या ऑप्शनने मागितले, फी वाचते म्हणून. मी पाठवले.

खोका आला त्या शनिवारी रेंजवर गेले. फिरवताना दांडा हाताला उलटा रेटा देतोय असं जाणवलं होतं, पण मला वाटलं नवीन प्रकार आहे, असाच असेल. अर्ध्याच्या पुढे दोरी आली आणि रिकिबीतला पाय जरा सरकला म्हणून मी दांडा सोडला. आमच्या आजोळी कोकणात विहिरीवर रहाट होता आणि आजी सारखी ओरडायची की भरलेली घागर वर येताना दांडा सोडायचा नाही, हात मोडेल. तेच झालं. दांडा गर्रकन उलटा फिरला आणि मनगटावर बसला, दोरी धाडकन पुढे गेली आणि एका कमानीला चीर पडली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तोंड जवळ असतं तर काय झालं असतं हे अजून मनातून जात नाही.

क्लबमधल्या एका रिटायर्ड मशिनिस्ट काकांनी नंतर ते उघडलं. झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा आधीच खरवडलेल्या होत्या. आत जुन्याच पद्धतीचं दातेरी चाक, आणि खटक्याची पिन रिकामी, खटका काढूनच टाकलेला! आवाज येत नव्हता तो म्हणून. जुनं मॉडेल नवं म्हणून खपवायला जी गोष्ट दोरी धरून ठेवते तीच काढली, हे करणाऱ्याला काय होऊ शकतं ते नक्की माहीत होतं, मला राग सहाशे डॉलरचा नाहीच, याचा आहे. काकांनी सीरियल नंबर कंपनीला कळवला, नव्या मॉडेलचा नव्हताच, हा नंबर मी आधी मागितला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

बँकेने सांगितलं की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, परत मिळणार नाहीत. विकणाऱ्याचा फोन नंबर लगेच बंद झाला.

कुणी सेकंडहँड क्रँक घेत असाल तर दोरी अर्धी मागे आलेली असताना विकणाऱ्याने दांडा पूर्ण सोडलाय आणि दोन्ही हात दिसतायत असा व्हिडिओ मागा, नाही दिला तर घेऊ नका. हातात आल्यावरही पहिल्यांदा दोरी दोन-तीन इंचच ओढून बघा, दांड्यावरची पकड अगदी थोडी सैल करा, उलटा रेटा जाणवला तर तिथेच थांबा आणि दांडा धरूनच दोरी सावकाश पुढे न्या. गेल्या आठवड्यात तोच फोटो आणि तेच वाक्य वेगळ्या नावाने परत दिसलं, मी रिपोर्ट केलंय पण जाहिरात अजून तिथेच आहे.