मनपॅक: दिवाळी अंकाच्या मेलमधल्या अटॅचमेंट आपोआप काढताना आलेला अनुभव

दिवाळी अंकाचं साहित्य आता बहुतेक मेलवरच येतं. कथा वर्डच्या फाइलीत, कविता पीडीएफमध्ये किंवा वहीच्या पानाचा फोटो काढून, रेखाचित्रं स्कॅन करून, जाहिराती जाहिरातदाराच्या डिझायनरकडून. आमच्या अंकाची संगणकाची बाजू मी सांभाळतो. यंदा लेखकांना पत्रं गेली तेव्हापासून अंक छपाईला जाईपर्यंत अटॅचमेंट काढण्याचं काम मी मनपॅक या कमांड-लाइनवरच्या, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या प्रोग्रामला लावून दिलं होतं. छोटे अंक, स्मरणिका, विशेषांक काढणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितो. मत आधीच सांगतो: मेलमधून फाइल बाहेर काढण्यात मनपॅक भरवशाचा आहे, पण मराठी नावाची फाइल त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका.

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर मनपॅक या नावानं पॅकेज (बसवायचा प्रोग्राम-संच) शोधलं तर मिळत नाही. पॅकेजचं नाव एमपॅक. त्यात फाइल मेलमध्ये बांधणारा एमपॅक आणि ती सोडवणारा मनपॅक अशी जोडी येते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९० च्या दशकात हे प्रोग्राम लिहिले गेले. मेलला फाइल जोडण्याची माइम ही पद्धत तेव्हा नवीकोरी होती. तिचं पहिलं प्रसिद्ध झालेलं रूप जून १९९२ मधलं. पद्धत आजही तीच आहे. मेल मुळात साध्या अक्षरांचा मजकूर असतो, म्हणून फाइलचे दर ३ बाइट घेऊन त्यांची ४ रोमन अक्षरं करतात आणि ती मेलच्या पोटात ओळीनं भरतात. याला बेस६४ म्हणतात. अटॅचमेंटचा आकार मेलमध्ये साधारण एक तृतीयांशानं फुगतो तो यामुळेच. मनपॅक ही अक्षरं वाचून मूळ फाइल जशीच्या तशी परत देतो. इतक्या वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजची मेलं सोडवतो याचं मला मनापासून कौतुक आहे.

मेल आणून देणं मात्र त्याचं काम नाही. त्यासाठी मी एमबीसिंक हा प्रोग्राम वापरला. तो आयमॅपवरून (सर्व्हरवरची मेलं वाचण्याची पद्धत) पेटीची प्रत आपल्या संगणकावर उतरवतो आणि प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवतो. मनपॅकला हेच हवं असतं: एक फाइल, एक मेल. जीमेलची पेटी असेल तर खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. मग क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) एक ओळ टाकली की ठरावीक वेळानं नवी मेलं येतात, माझी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, प्रत्येक मेलसाठी एक फोल्डर करते आणि मनपॅक त्या फोल्डरात फाइली सोडतो. सर्व्हरवरची मूळ मेलं तशीच राहतात. ही अट मी पहिल्या दिवसापासून घातली होती, कारण लेखकाचं हस्तलिखित आपल्याकडून हरवणं मला कुठल्याही सोयीपेक्षा मोठं वाटतं.

प्रत्येक मेलला वेगळं फोल्डर का, ते सांगायला हवं. कथाकार फाइलला काय नाव देतात? बहुतेक वेळा नुसतं 'कथा'. कवी 'कविता', नाहीतर 'दिवाळी अंकासाठी'. सगळं एकाच फोल्डरात सोडलं तर एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर येतात. मनपॅक जुनी फाइल पुसत नाही, हे त्याचं शहाणपण. तो नव्या फाइलच्या नावाच्या शेवटी .१, .२ असा आकडा लावतो. पण आकडा एक्स्टेन्शनच्याही (फाइलचा प्रकार सांगणाऱ्या शेवटच्या अक्षरांच्या) नंतर लागतो. त्यामुळे वर्डची फाइल वर्डची म्हणून ओळखली जात नाही आणि मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंच्या संगणकावर दोनदा क्लिक करून ती उघडत नाही. फोल्डर वेगळं आणि त्याच्या नावात मेल पोचल्याची तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, एवढं केलं की हा प्रश्नच उरत नाही. शिवाय 'आधीची फाइल रद्द समजावी, ही अंतिम' असं कळवून तीच कथा पुन्हा येते तेव्हा नंतरची कोणती ते फोल्डरच सांगतं. तारीख घेताना मेलच्या सर्वांत वरच्या रिसिव्ह्ड ओळीतली घ्या. डेट ही ओळ पाठवणाऱ्याच्या घड्याळावर चालते आणि ते घड्याळ कधी कधी भलतंच असतं.

आता देवनागरी नावांचा प्रश्न.

मेलच्या शीर्षभागात रोमनखेरीज दुसरं अक्षर सरळ लिहायची जुनी सोय नाही. म्हणून 'कथा' हे फाइलचं नावसुद्धा बेस६४ करून, पुढे 'यूटीएफ-८' (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची रीत) अशी खूण आणि दोन्हीकडे बरोबरची व प्रश्नाची चिन्हं लावून जातं. वाचणाऱ्या प्रोग्रामनं ते उलगडून घ्यायचं. मनपॅक उलगडत नाही. तो ते कोडं हेच नाव समजतो आणि त्याला धोकादायक वाटणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एक्स ठेवतो. फोल्डरात 'कथा' दिसण्याऐवजी बरोबरचं चिन्ह, एक्स, यूटीएफ-८, एक्स, बी, एक्स आणि पुढे रोमन अक्षरांचं गवत अशी फाइल दिसते. फाइल आतून अगदी धड असते, नाव तेवढं गेलेलं.

या गवतात एक शिस्त आहे, ती मला फार आवडली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि बेस६४ दर ३ बाइटची ४ अक्षरं करतं. म्हणजे एका चिन्हाला नेमकी ४ अक्षरं येतात आणि त्यातली पहिली तीन कायम 'चार, के, एस' किंवा 'चार, के, डब्ल्यू' असतात. क म्हणजे 'चार, के, एस, व्ही'. हे माहीत असलं की कोड्याकडे नुसतं बघून मराठी नाव ओळखता येतं. पण ऱ्हस्व वेलांटीचं चौथं अक्षर काय येतं? तिरकी रेघ. संगणकाच्या लेखी तिरकी रेघ म्हणजे 'इथे फोल्डर संपलं'. मनपॅक नावातली तिरकी रेघ पाहून खरोखरच तिथे फोल्डर तयार करतो आणि उरलेलं नाव त्याच्या आतल्या फाइलला देतो. म्हणून 'कथा' विचित्र नावानं का होईना वर दिसायची, आणि 'कविता' मात्र अनोळखी फोल्डरच्या आत जाऊन बसायची. नावाच्या मध्ये रोमन अक्षर किंवा मोकळी जागा आली की पुढची मांडणी सरकते आणि हा नियम बिघडतो, पण नुसत्या देवनागरी नावाला तो बरोबर लागू पडतो. कवींच्या फाइली सापडत नाहीत अशी तक्रार संपादक बाईंकडून आली, तिच्या मुळाशी ही एक वेलांटी होती.

यावर मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेकडे गेलो. पायथन ३ बरोबरच ईमेल नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. मेल वाचताना त्याला 'डिफॉल्ट' नावाची पॉलिसी (मेल वाचण्याचे नियम) स्पष्टपणे सांगायची, म्हणजे अटॅचमेंटचं नाव उलगडलेलं, स्वच्छ देवनागरीत मिळतं. पॉलिसी सांगितली नाही तर जुन्या वळणानं तेच कोडं हातात येतं. काही मेल-प्रोग्राम नाव दुसऱ्या रीतीनं पाठवतात: प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे एका 'क'ला ९ अक्षरं. हे मॉड्यूल तेही वाचतं. पानभराच्या स्क्रिप्टमध्ये सगळं बसलं.

दोन गोष्टी त्या स्क्रिप्टमध्ये आवर्जून घाला. पहिली लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, आणि यात काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगळी मोजली जातात. 'क्षितिज' हा डोळ्यांना तीन अक्षरी शब्द ७ चिन्हांचा, २१ बाइटचा आहे. कथेचं शीर्षक, लेखकाचं पूर्ण नाव, गाव आणि अंकाचं नाव असं सगळं फाइलच्या नावात लिहिणारे लेखक असतात, त्यामुळे नाव योग्य जागी तोडावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या 'ऱ' ची. 'वाऱ्यावर' मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) म्हणून. काही मॅक संगणकांवरून आलेल्या नावांत तो सुटा असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करताना संगणक ती दोन वेगळी नावं मानतो. सगळी नावं एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या रूपात आणून घेतली की ऱ एकसंध होतो आणि शोध नीट चालतो. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला कळकळीनं वाटतं, कारण हे अक्षर आपलं रोजचं आहे आणि परदेशात लिहिलेल्या साधनांना त्याची जाण असेलच असं नाही.

मग सगळंच पायथननं का नाही? साहित्याच्या पेटीसाठी मी आता तेच करतो. जाहिरातींच्या पेटीवर मात्र मनपॅक कायम आहे. तिथे नावं रोमन असतात, मोकळ्या जागांचे एक्स होतात तेवढं खपवून घेतो, आणि त्याला सांभाळायला मला एक ओळसुद्धा लिहावी लागत नाही. त्याची आणखी एक सवय कामाची आहे: अटॅचमेंटच्या आधी मेलमध्ये जो मजकूर असेल तो मनपॅक फाइलच्याच नावाच्या .डेस्क फाइलीत शेजारी ठेवतो. 'अर्धं पान, रंगीत, कव्हरच्या आतल्या बाजूला' अशा सूचना त्या मजकुरातच असतात, त्यामुळे मांडणी करताना पुन्हा मेल उघडावं लागत नाही. ही कल्पना मी साहित्याच्या स्क्रिप्टमध्येही उचलली. लेखकाचा परिचय, पत्ता, मानधनासाठीचा तपशील त्याच फोल्डरात राहतो.

आउटलुकवरून आलेल्या काही मेलांत खरी फाइल न दिसता विनमेल.डॅट नावाचं गाठोडं निघतं. ते मनपॅक तसंच पुढे ठेवतो. टीएनईएफ नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम ते सोडवतो. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या फाइली उघडण्याआधी क्लॅमएव्ही या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामनं तपासून घ्याव्यात, ही तपासणी त्याच स्क्रिप्टला जोडता येते. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणं हा वेगळाच विषय, त्याचा या प्रोग्रामशी संबंध नाही.

कमांड लिहायची अजिबात सवय नसेल आणि दिवसाला चार-दोनच मेलं येत असतील, तर यात पडू नका, हातानं उतरवणं लवकर होईल. ऑगस्टमध्ये रोज ढिगानं साहित्य येत असेल आणि घरात एक जुना लिनक्स संगणक पडून असेल, तर जरूर करा.

मुखपृष्ठाचं काम मात्र या साखळीत बसलं नाही. जीमेल २५ एमबीपेक्षा मोठी अटॅचमेंट घेत नाही, तिच्या जागी ड्राइव्हची लिंक पाठवतं. मेलच्या पोटात फाइलच नसल्यामुळे मनपॅक आणि पायथन दोघांनाही तिथे काही सापडत नाही. अशा मेलांवर स्क्रिप्ट आता 'लिंक आहे' एवढी नोंद करते आणि ती चित्रं मी स्वतः उतरवून घेतो.