स्पायरोनोलॅक्टोन की एप्लेरेनोन?
अल्डोस्टेरॉन हे स्टेरॉइड संप्रेरक मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं आणि रक्तदाब चढतो. या दोन्ही गोळ्या त्यालाच अडवतात. स्पायरोनोलॅक्टोन जुनी आणि जोरदार: तीन औषधांनाही न जुमानणाऱ्या रक्तदाबावर २०१५ च्या पाथवे-२ चाचणीत तिने बिसोप्रोलॉल आणि डॉक्साझोसिन या रक्तदाबाच्या दुसऱ्या दोन औषधांनाही मागे टाकलं. पण ती पुरुषी संप्रेरकांच्या रिसेप्टरलाही (पेशीतली संप्रेरक धरणारी जागा) चिकटते. मग काही पुरुषांचे स्तन फुगतात, दुखतात. काही बायकांची पाळी बिघडते. (हे डॉक्टरांना सांगायला लाजून गोळी गुपचूप सोडणारेही असतात.) एप्लेरेनोनमध्ये हा त्रास क्वचित, मात्र जोर कमी, असर लवकर ओसरतो, म्हणून बरेचदा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. माझा कल जुन्या गोळीकडे, त्रास झालाच तर बदल. रक्तातलं पोटॅशियम दोन्हींत वाढू शकतं, ती तपासणी टळत नाही.