सिंगल स्टेज की टरेट? रीलोडिंगचं पहिलं प्रेस घेताना

इथे अमेरिकेत रेंजवर जाणारे आपले बरेच लोक आता रीलोडिंगकडे (झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस घरी परत भरण्याकडे) वळायला लागलेत आणि दर महिन्याला कुणीतरी विचारतंच की पहिलं प्रेस (काडतूस भरायचं हँडलवालं यंत्र) कुठलं घेऊ. मी सिंगल स्टेज आणि टरेट दोन्ही वापरलीत, म्हणून लिहितोय. (भारतातून कुणी वाचत असेल तर हे तिथे करायचं नाही, आर्म्स अ‍ॅक्टमध्ये लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आणि इथेसुद्धा एच-वन-बी वर असाल तर बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायच्या आधी वकिलाला विचारा, काही अपवाद सोडले तर त्या व्हिसावर मनाई आहे.)

आधी चार शब्द: केस म्हणजे काडतुसाची नळी, प्रायमर म्हणजे तिच्या तळाला बसणारी, पावडर पेटवणारी टोपी, डाय म्हणजे प्रेसमध्ये बसणारा साचा, आणि राउंड म्हणजे भरून तयार काडतूस. प्रोग्रेसिव्ह प्रेस मी यात धरतच नाही. एका हँडलला चार-पाच केसेसवर एकदम वेगवेगळी कामं होतात, आणि नवशिक्याचं लक्ष इतक्या ठिकाणी राहत नाही असं माझं मत.

फरक घरच्या भाषेत सांगायचा तर सिंगल स्टेज म्हणजे दिवाळीच्या करंज्या, आधी सगळ्या पाऱ्या लाटायच्या, मग सगळ्या भरायच्या, मग एकदम तळायला घ्यायच्या. टरेट म्हणजे एक लाटली, भरली, तळली, आता दुसरी. टरेटवर डाय बदलावे लागत नाहीत, ते सगळे वरच्या चकतीत बसवलेले असतात आणि ती फिरते, चार वेळा हँडल ओढलं की एक राउंड तयार. वेगात टरेट सरळ पुढे आहे, मी आरामात तासाला शंभराच्या वर जायचो. सिंगल स्टेजवर 50 करायला माझी अख्खी संध्याकाळ जाते.

मी पहिलं टरेटच घेतलं होतं, वेगासाठीच. कंपनीचं नाव घेत नाही कारण मशीनमध्ये खोट नव्हती. मला .38 स्पेशल भरायचं होतं, आणि हे काडतूस आहे 1898 च्या आसपासचं, तेव्हा त्यात काळी पावडर भरायचे म्हणून केस चांगली उंच आहे. आताची फास्ट (लवकर जळणारी) पावडर त्यात जेमतेम तळाला बसते. म्हणजे चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, वर बुलेट अगदी व्यवस्थित बसते, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

एका संध्याकाळी तेच झालं, म्हणजे झालं का नाही तेच कळेना. हँडल अर्ध्यात असताना फोन वाजला, मी हात सोडला, परत आलो तर चकती दोन खाचांच्या मध्ये अडकलेली, मी हाताने फिरवून जागेवर आणली आणि पुढे चालू केलं. 50 पूर्ण झाल्यावर डब्यात भरताना डोक्यात आलं की फिरवली ती पुढे का मागे? मागे गेली असेल तर त्या केसमध्ये डबल चार्ज, म्हणजे दुप्पट पावडर, आणि तिने बंदूक फुटू शकते. बुलेट तर बसवून झालेली. म्हटलं वजन करून बघू, पण पावडरच मुळात चार-पाच ग्रेन (7000 ग्रेनचा एक पाउंड, यावरून अंदाज घ्या) आणि माझ्या केसेस वेगवेगळ्या कंपन्यांच्या, त्यांच्याच वजनात तेवढा फरक, त्यामुळे तराजू काही सांगूच शकत नव्हता. शेवटी इम्पॅक्ट पुलर घेऊन, बसवलेली बुलेट बाहेर काढायचा तो हातोडीसारखा असतो तो, सगळेच्या सगळे 50 ठोकून उघडले. रात्रीचे साडेबारा वाजले. एकाही केसमध्ये डबल चार्ज नव्हता. पण सकाळी तेच राउंड मी रिव्हॉल्व्हरमध्ये घातले असते, शेजारच्या लेनमध्ये माझा मुलगा उभा असतो, हा विचार मला आठवडाभर झोपू देईना.

त्यानंतर सिंगल स्टेज घेतलं, आरसीबीएसचं रॉक चकर, जाडजूड ओतीव लोखंडाचं. त्याच्यावर पावडर भरलेल्या सगळ्या 50 केसेस लोडिंग ब्लॉकमध्ये (केसेस उभ्या ठेवायच्या भोकांच्या ठोकळ्यात) समोर उभ्या असतात. बुलेट बसवायच्या आधी मी टॉर्च घेऊन वरून एकेक ओळ बघतो, पावडरची पातळी सगळीकडे सारखी पाहिजे. जास्त असेल तर लगेच दिसते आणि अजिबात नसेल तर तेही दिसतं, आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे, कारण नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट बॅरलमध्ये अडकते आणि मागून दुसरी झाडली की बॅरल फुटू शकते. फोन वाजू दे, पाहुणे येऊ दे, ब्लॉकवर झाकण ठेवून उठता येतं.

आता टरेटवाले म्हणतील की आमच्याकडे पावडर पडली की पुढच्याच ओढीला बुलेट बसते, मध्ये गोंधळाला जागाच नाही, आणि केसमध्ये बघायला लाइट लावता येतो. बरोबर आहे, ज्यांना न थांबता काम करता येतं त्यांना ते जमतंही. रेंजवरचे एक आजोबा कित्येक वर्षं टरेटवरच भरतात, त्यांच्या राउंडबद्दल मला शंका नाही. माझ्या घरात मात्र सलग तासभर कुणी हाक मारणार नाही असं होत नाही.

पावडर मोजायच्या तराजूचं थोडक्यात. डिजिटल पटकन आकडा देतो, पण माझा गॅरेजमध्ये हीटरचा झोत आला की हलायचा, शून्यावर टिकायचा नाही. साधा बीमवाला हळू आहे पण मला त्याचाच भरवसा वाटतो. कुठलाही घ्या, चेक वेट्स (तराजू तपासायची ठराविक वजनं) बरोबर घ्या. पहिला खर्च मात्र मॅन्युअलवर (किती पावडर भरायची ते सांगणारं पुस्तक), लायमन किंवा हॉर्नाडी, आणि सुरुवात त्यातल्या स्टार्टिंग लोडपासूनच, म्हणजे सगळ्यात कमी मापापासून. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, डोळ्यावर चष्मा, शिसं असतं म्हणून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि तिथे चहासुद्धा नको.

एवढं वाचूनही टरेटच घ्यावंसं वाटत असेल तर घ्या, पण चकती फिरवणारा मधला दांडा काढता येतो का ते आधी बघा. काही मॉडेलमध्ये तो सहज निघतो आणि मग ते सिंगल स्टेजसारखंच चालतं. पहिले निदान हजारेक राउंड दांडा काढून, ब्लॉकमध्ये केसेस उभ्या करूनच भरा.