रीपरमधली क्लिपांची नावं : काही महिन्यांच्या वापरानंतर

रीपर या ऑडिओ रेकॉर्डिंग-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे बहुतेक जण प्लगइन, थीम आणि प्रोसेसरवरचा ताण यांवर लिहितात. मी फक्त नावांबद्दल लिहिणार आहे. माझं काम निवेदनाच्या रेकॉर्डिंगचं. गाण्याच्या प्रोजेक्टमध्ये ढोल कुठला आणि बासरी कुठली हे वेव्हफॉर्मच्या (आवाजाच्या आलेखाच्या) आकारावरूनही कळतं. निवेदनात एका परिच्छेदाचा तिसरा टेक आणि पुढच्या परिच्छेदाचा पहिला टेक हुबेहूब सारखे दिसतात. नाव नीट नसेल तर प्रत्येक तुकडा ऐकून बघावा लागतो, आणि एडिटिंगमधला निम्मा वेळ त्यातच जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. पडद्यावरच्या क्लिपवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या तुकड्यावर, दिसणारं नाव आणि डिस्कवरच्या फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीपरमध्ये हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं, कारण त्याची आरपीपी प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते. ती नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक आयटमच्या (रीपर क्लिपला आयटम म्हणतो) नोंदीत एक ओळ ‘नेम’ने सुरू होते आणि तिच्यापुढे क्लिपचं नाव असतं. थोडं खाली ‘सोर्स’ असतो आणि त्याच्या आत ‘फाइल’ची ओळ, जिच्यात वेव्ह फाइलचं नाव असतं. एफ२ दाबून टेकचं नाव बदललंत तर फक्त पहिली ओळ बदलते. दुसरीला त्याचा पत्ताही नसतो.

ही सोय आहे की गैरसोय? माझ्या मते सोयच. तासाभराच्या एकाच फाइलचे शंभर तुकडे करून प्रत्येकाला वेगळं नाव देता येतं आणि मूळ फाइलला धक्काही लागत नाही. फक्त हे लक्षात ठेवायचं की रीपर बंद केला की ती शंभर नावं कुठेच दिसत नाहीत. फोल्डर उघडणाऱ्याला फाइलचंच नाव दिसतं.

आणि फाइलचं नाव ठरतं रेकॉर्डचं बटण दाबताना. रीपरचा मूळ साचा असा : ट्रॅकचा क्रमांक, ट्रॅकचं नाव, तारीख, वेळ. म्हणजे ‘०१-निवेदन-२४०३१५_११४०’ असं काहीतरी. ट्रॅक बिननावाचा असेल तर मधला भाग गायब, आणि उरतात नुसते आकडे. रेकॉर्डिंग झाल्यावर ट्रॅकला नाव दिलं तरी आधीच्या क्लिपा आणि फाइली जुन्याच नावाने राहतात. त्यामुळे नवा ट्रॅक घेतला की माइक लावायच्या आधी नाव टाकायचं, ही सवय हाताला लावून घ्यावीच लागते. साचा बदलताही येतो. डॉलरचं चिन्ह लावून ‘प्रोजेक्ट’, ‘ट्रॅक’, ‘यिअर’ असे शब्द हव्या त्या क्रमाने लिहायचे. मी प्रोजेक्टचं नाव सगळ्यात पुढे घेतलंय, कारण प्रकरणागणिक माझा प्रोजेक्ट वेगळा असतो आणि पाच प्रोजेक्टच्या फाइली एका फोल्डरात आल्या तरी कोणती कुठली ते कळतं. तारखेला मात्र हात लावू नका. वर्ष, महिना, दिवस हाच क्रम ठेवला तर नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. दिवस पुढे आणला की गेलं सगळं.

तुकडे केल्यावर काय होतं, यात मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा न्यारी. प्रो टूल्समध्ये ‘ऑडिओ १_०१’ ही क्लिप कापली की तुकड्यांना ‘ऑडिओ १_०१-०१’, ‘-०२’ असे शेपटीचे आकडे लागत जातात. रीपर दोन्ही तुकड्यांना तेच नाव ठेवतो. प्रो टूल्सचे आकडे मला आधी निरुपयोगी वाटायचे, कारण तुम्ही कोणत्या क्रमाने कापलंत एवढंच ते सांगतात, तुकड्यात काय आहे ते नाही. पण दुसरा कुणी एडिटर फोनवर असेल आणि ‘सत्तेचाळीस नंबरचा म्यूट कर’ म्हणता येत असेल, तर त्या आकड्याची किंमत कळते. रीपरमध्ये तिथे ‘तो डावीकडून चौथा, नाही, त्याच्या पुढचा’ असं चालतं. प्रो टूल्सची आणखी एक गोष्ट मला आवडते. नाव बदलताना तो विचारतो : फक्त क्लिपचं बदलू की डिस्कवरच्या फाइलचंही? हा प्रश्न त्याच जागी विचारला जायला हवा. रीपरमध्ये फाइलचं नाव बदलायचं बटण आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये वेगळं आहे. शोधलं तर सापडतं, इतकंच.

ऑडॅसिटी या आणखी एका रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर नावाची पट्टी आली तीच मुळी २०२१ च्या ३.१ आवृत्तीत. शिवाय ३.० पासून सगळा प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलमध्ये राहतो, त्यामुळे आत क्लिपच्या नावाची वेगळी फाइल शोधायला जाऊ नका, ती नसतेच.

ग्लूबद्दल थोडक्यात. तुकडे जोडून एक केले की रीपर नवीन फाइल बनवतो आणि नावात ‘ग्लूड’ घालतो. जोडलं की लगेच नाव बदलावं.

आता देवनागरी. क्लिपांची नावं मी बिनधास्त मराठीत देतो, कारण ती प्रोजेक्टच्या मजकुरातच राहतात. फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत, आणि त्याला कारण आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी जोडी म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावातली अशी अक्षरं सुटी करूनच साठवायची. विंडोज तसं करत नाही. मग डोळ्यांना अगदी एकसारखी दिसणारी दोन नावं संगणकाच्या लेखी वेगळी ठरतात, आणि प्रोजेक्ट उघडताना ‘फाइल सापडत नाही’ असं ऐकावं लागतं.

नावांची भानगड रेंडर करतानाही, म्हणजे तयार ऑडिओ फाइल बाहेर काढतानाही, डोकावते. रेंडरच्या नावाच्या साच्यात डॉलर-आयटम लिहिलं तर क्लिपचं नावच बाहेर पडणाऱ्या फाइलचं नाव होतं. आणि माझ्या क्लिपांची नावं म्हणजे परिच्छेदातले पहिले शब्द, कधी प्रश्नचिन्हासकट. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन चालत नाही. म्हणून मी रेंडर रीजनच्या (टाइमलाइनवर आखून घेतलेल्या भागाच्या) नावाने करतो आणि रीजनना ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक देतो. शून्यं वाया जात नाहीत. साध्या अक्षरक्रमाने लावणारा प्रोग्रॅम १ नंतर १० दाखवतो आणि २ नंतर कधीतरी.

नाव कितीही बदललं तरी टिकणारी एक जागा आहे, ती म्हणजे ब्रॉडकास्ट वेव्ह या वेव्ह फाइलच्या प्रकारातला बेक्स्ट भाग. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये आणलेल्या या प्रकारात वर्णनासाठी २५६ अक्षरं, रेकॉर्डिंगची तारीख-वेळ आणि मध्यरात्रीपासून मोजलेलं सॅम्पलमधलं स्थान फाइलच्या आतच लिहिलेलं असतं. रीपर वेव्ह लिहिताना तो भाग घालू शकतो. तो पर्याय चालू ठेवा.

शेवटी सफाई. वापरात नसलेल्या फाइली काढायला रीपरमध्ये ‘क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी’ आहे. ती यादी दाखवते, पण यादीत फाइलींचीच नावं असतात, क्लिपांना दिलेली नाहीत. शिवाय उडवलेली फाइल अनडू करून परत येत नाही. टेक टाकून दिला म्हणून त्याची फाइल निरुपयोगी झाली असं धरून चालू नका, लेखकाला तोच टेक नंतर हवासा वाटू शकतो. मी ती यादी उघडतो, तारखा बघतो, आणि काम पोचतं झाल्याशिवाय एकाही फाइलवर टिचकी मारत नाही.