वाळवंटी उंदरांतले विषाणू: एलायझा, आरटी-पीसीआर की सिक्वेन्सिंग?

तंत्र निवडण्याआधी प्रश्न ठरवा. विषाणू या वस्तीत फिरतो का, एवढंच हवं असेल तर प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) रक्तात शोधणारी एलायझा चाचणी पुरते. आत्ता कोणाच्या अंगात आहे, हे विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर सांगते. काय शोधायचं हेच माहीत नसेल, तरच मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंग, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या जनुकीय सामग्रीचं वाचन.

पहिल्या पाहणीला आमचा कौल एलायझाला, कारण उन्हात नमुना टिकतो. नोबुटो पट्टीवर (रक्त शोषणारी गाळणकागदाची पट्टी) रक्त टिपा, सावलीत पूर्ण वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. बर्फ लागत नाही. हंताविषाणूची प्रतिपिंडं उंदरात सहसा जन्मभर राहतात, त्यामुळे जुनी लागणही सापडते. प्रादुर्भाव ५ टक्के धरला, तर किमान एक बाधित प्राणी हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी म्हणून ५९ प्राणी लागतात. १ टक्का असेल तर २९९. अडचणी दोन. पिल्लांत आईची प्रतिपिंडं असतात, म्हणून वजन आणि वय नोंदल्याशिवाय पॉझिटिव्ह मोजू नका. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदरासाठी बनवलेला कॉन्जुगेट (प्रतिपिंडांना चिकटून रंगाने ती दाखवणारा घटक) कांगारू उंदराच्या प्रतिपिंडांना नीट चिकटेलच असं नाही. तो आधी त्याच प्रजातीच्या सीरमवर तपासून घ्या.

पीसीआरमध्ये सगळा खेळ अवयवाचा आणि वेळेचा. सिन नॉम्ब्रे हा हंताविषाणू (अमेरिकेच्या फोर कॉर्नर्स भागात १९९३ साली ओळखला गेला, वाहक हरीण-उंदीर) फुप्फुसात शोधतात. अरेनाविषाणूंसाठी (उंदरांत आढळणारा विषाणूंचा आणखी एक गट) मूत्रपिंड आणि प्लीहाही घ्या. आरएनएलेटरमध्ये (ऊतकातला आरएनए टिकवणारा द्रव) टाकायचा तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, द्रव किमान पाचपट. नाहीतर आतला भाग भिजण्याआधीच सडतो. पत्र्याचा शेर्मन सापळा (उंदीर जिवंत पकडणारी पेटी) उन्हात भट्टीसारखा तापतो, म्हणून संध्याकाळी लावा आणि सूर्य वर येण्याआधी उचला. उन्हात मरून पडलेल्या उंदराचा निगेटिव्ह निकाल काहीच सांगत नाही. नेस्टेड पीसीआर (एकामागून एक दोन फेऱ्यांची) संवेदनशील खरी, पण दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या फेरीची नळी उघडताना दूषण होतं; कोरे नियंत्रण नमुने सोबत चालवाच.

सिक्वेन्सिंगमध्ये बहुतेक रीड्स (वाचलेले जनुकीय तुकडे) यजमानाचे, म्हणजे उंदराचेच निघतात, आणि आतड्याच्या नमुन्यात खाल्लेल्या किड्यांचे, वनस्पतींचे विषाणूही उंदराचे म्हणून खपतात. खर्च मोठा, पीसीआरने पुन्हा पडताळल्याशिवाय यादी छापू नये.

जमलं तर एकाच प्राण्याची पट्टी आणि ऊतक दोन्ही घ्या, क्रमांक एकच. आणि आरएनएलेटरने विषाणू मरतोच असं नाही, वाळलेली पट्टीही निर्जंतुक नसते. दोन्ही नमुने संसर्गजन्य धरूनच हाताळा.