वासोटा की पाचगणी? सुट्टीवर आलेल्या जोडप्याचा साताऱ्यातला एक दिवस

परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आलं की दोन आठवडे लग्नकार्यात, देवदर्शनात आणि पाहुण्यारावळ्यांत निघून जातात. फक्त दोघांसाठी म्हणून जेमतेम एक दिवस हाती लागतो. तो डोंगरात, थोड्या साहसात घालवायचा ठरलं की साताऱ्यात दोन नावं हमखास पुढे येतात: बामणोलीहून बोटीनं वासोटा किल्ला, किंवा पाचगणीला पॅराग्लायडिंग. दोन्ही सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी पोचण्यासारखी आहेत. वासोट्याला अख्खा दिवस आणि दोघांच्याही पायांत बळ लागतं. पाचगणीला धीर लागतो आणि वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते.

आधी कॅलेंडर काढा, कारण निम्मा निर्णय महिनाच करून टाकतो. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे प्रवेश बंद असतो. पाचगणीतली उड्डाणंही पावसाळ्यात थांबतात आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतात. गणपतीला आलेल्यांना त्यामुळे दोन्ही मिळत नाहीत. त्यांनी कास गाठावं. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सप्टेंबरमध्ये तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुललेली असतात. प्रवेश ऑनलाइन नोंदणीनं मिळतो आणि रोजची संख्या ठरलेली असते, म्हणून शनिवार-रविवार सोडून मधला वार धरा. खडकावर मातीचा थर बोटभरच असतो. फोटोसाठी आखलेली वाट सोडून एक पाऊल टाकलं तरी ती झाडं चिरडतात. दिवाळीत किंवा नाताळात येणाऱ्यांना मात्र खरी निवड करावी लागते.

वासोट्याचा दिवस घड्याळावर चालतो. साताऱ्यातून साडेसहाला निघा. समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढून, कास ओलांडून बामणोलीला पोचायला सव्वा ते दीड तास लागतो. गेल्या गेल्या दोन कामं उरका: वनखात्याची परवानगी आणि बोट. ओळखपत्र दोघांचंही हवं. आधार नसेल तर पासपोर्टची छायाप्रत जवळ ठेवा, मूळ पासपोर्ट पाण्यात नेऊ नका. पैसे रोख न्या, कारण खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते आणि परदेशी कार्डावर विसंबून तर मुळीच चालत नाही.

जोडप्यांची सगळ्यात मोठी अडचण इथेच होते. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नसतं. दहाबारा जणांच्या बोटीत दोघंच बसलात तरी दर तोच. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर लहान गट एकमेकांत भाडं वाटून घेतात, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर रविवार बरा. मात्र मग परतीची वेळ सगळ्यांची मिळून ठरते, आणि तुम्ही दोघं खाली उतरून बाकीच्यांची वाट बघत बसता. शांतता हवी असेल तर मंगळवार-बुधवारी पूर्ण बोटीचे पैसे मोजा. आमच्या मते या सहलीत तेवढा एक खर्च करावा. बोट किती तास थांबणार आणि उशीर झाला तर जास्तीचे किती, हे बसण्यापूर्वीच बोलून घ्या. जीवरक्षक जॅकेट अंगात घालून पट्टे आवळा.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून वासोट्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत तासाभराचा, कधी दीड तासाचा प्रवास आहे. तिथे चौकीवर नोंद होते, पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजली जातात, अनामत घेतात आणि येताना तेवढंच प्लास्टिक दाखवलं की परत देतात. धातूच्या बाटल्या आणि घरून बांधलेला डबा नेलात तर हा वेळ वाचतो.

चढ दोन ते अडीच तासांचा. सुरुवातीला ओढा ओलांडला की दाट झाडी लागते, सावली असते आणि चाल सोपी वाटते. नेमकी इथेच चूक होते: गार हवेत लोक भराभर चालतात आणि पाणी पीत नाहीत. नागेश्वरच्या गुहेतल्या शिवमंदिराकडे जाणारा फाटा मागे टाकल्यावर चढ खडा होतो, पुढे झाडी विरळ होऊन उघड्यावरचं ऊन लागतं, तेव्हा पोटऱ्यांत गोळे येतात. माणशी अडीच-तीन लिटर पाणी न्या, त्यात मीठ-साखर घाला, पहिल्या तासापासून दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. नागेश्वर त्याच दिवशी जोडण्याचा मोह टाळा. जंगलातून संध्याकाळपूर्वी बाहेर पडायचंच असतं आणि दोन्ही केलं की उतरताना धावपळ होते. गुडघे उतारावर घसरूनच दुखावतात.

वर मारुतीचं छप्पर नसलेलं मंदिर, वाड्याचे चौथरे, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचा बाबुकडा. कड्याच्या कडेला दगड सुटे आहेत, पोटावर आडवं होऊनही वाकू नका. साडेनऊला बोट सुटली तर एकच्या सुमारास माथा, दोनला उतरायला सुरुवात, चारपर्यंत पुन्हा बोट आणि सातला सातारा, असा हिशेब बसतो. बामणोलीला दहा वाजले तर मात्र हा हिशेब कोलमडतो. मार्चनंतर आणखी एक गोष्ट: धरणाचं पाणी ओसरतं, बोट काठापासून लांब लागते आणि सुकल्या गाळातून उन्हात जादा चालावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच याचा खरा काळ.

परदेशातल्या ॲडव्हेंचर पार्कची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. तिथे हातात पट्टा बांधतात, प्रत्येक वळणावर माणूस उभा असतो. वासोट्याच्या वाटेवर स्वच्छतागृह नाही, दुकान नाही, फोन लागत नाही. पाय मुरगळला तर खाली उतरून परत तासभर बोट. म्हणून दोघांपैकी ज्याला कमी झेपतं, त्याच्या तब्येतीवर हा निर्णय घ्या. तीन मजले जिने न थांबता चढता येत नसतील तर वासोटा या खेपेला नको.

पाचगणीचं पारडं इथे जड होतं. साताऱ्याहून वाईमार्गे पसरणी घाट चढून पन्नासेक किलोमीटर, आणि शरीराला ताण म्हणाल तर उतारावर दहा-पंधरा पावलं धावण्याइतकाच. पण जोडप्यांना एक गोष्ट ऐनवेळी कळते: दोघं एकत्र उडत नाहीत. प्रत्येकाच्या मागे स्वतंत्र पायलट बसतो. एक हवेत असताना दुसरा टेकडीवर उभा, आणि पहिला खाली दरीत उतरून जीपची वाट बघत. एकापाठोपाठ लगेच दोन पंख, म्हणजे पॅराग्लायडर, उडवायची व्यवस्था आहे का, हे नोंदणीच्या वेळी विचारा.

साध्या उड्डाणात हवेतला वेळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो. सकाळची हवा शांत, पण तिच्यात उचल कमी, म्हणून लवकर खाली येता. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा झोतांनी वर येते, पंख हेलकावतो आणि मळमळतं. चारनंतर वारा सलग लागला तर उड्डाण लांबतं. पहिल्यांदा उडणाऱ्यांनी सकाळ किंवा संध्याकाळच धरावी, दोन तास आधी हलकं खावं आणि गिरक्या नकोत असं पायलटला स्पष्ट सांगावं.

बिघडतं ते बहुधा पळताना. पंख डोक्यावर येताच माणूस घाबरून खाली बसतो किंवा उडी मारतो. त्यानं वेग तुटतो, पंखाला उचल मिळत नाही आणि दोघंही उतारावर आपटतात. जमीन सुटून पाय हवेत चालू लागले तरी ‘बसा’ असं पायलट म्हणेपर्यंत पळतच राहायचं. धावण्यापूर्वी स्वतः पाहायचं: दोन्ही मांड्यांचे पट्टे, छातीचा पट्टा, दोन्ही बाजूंच्या कड्यांची कुलुपं, हेल्मेट, आणि पायलटच्या आसनात राखीव पॅराशूट आहे का. ओढणी, लोंबणारा कॅमेरा नको. घोटा धरणारे बूट हवेत. वजन खरं सांगा. माणूस जड असेल तर मोठा पंख आणि जास्त वारा लागतो, हलका असेल तर जोराच्या वाऱ्यात पंख मागे ढकलला जातो.

खर्च माणशी असतो, त्यामुळे दोघांना हिशेब सोपा. पण वारा पाठीमागून असेल किंवा फार जोराचा असेल तर चांगला पायलट उडवत नाही, आणि त्याला आग्रह करू नये. अशा वेळी पैसे परत मिळणार की तारीख बदलणार, हे आगाऊ रक्कम देण्याआधी ठरवा. दिवस वाया जात नाही, कारण टेबललँडचं पठार जवळच आहे आणि उतरताना मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा नि घाट पाहता येतो. वासोट्याला बोट चुकली तर असा पर्याय हाताशी नसतो. परदेशातला आरोग्य किंवा प्रवास विमा मात्र निघण्यापूर्वी उघडून वाचा. पॅराग्लायडिंग त्यातून वगळलेलं असू शकतं.

गुडघे दुखतात आणि उंचीचीही भीती वाटते, अशांसाठी कोयनेच्याच पाण्यावर मुनावळ्याला २०२४ मध्ये जलक्रीडा केंद्र सुरू झालं आहे. दुपारनंतर वाऱ्यानं लाटा उठतात, तेव्हा सकाळी पोचा आणि कोरडे कपडे न्या.

सांगली, पलूस, कडेगावच्या बाजूला माहेर-सासर असेल तर साताऱ्यापर्यंत येण्यातच दिवसाची उमेद संपते. तिथून सागरेश्वर जवळ. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे हरणांचं अभयारण्य. चितळ, सांबर, काळवीट दिसायचे तर फाटक उघडताच आत शिरा, गाडीत आवाज बंद ठेवा आणि भडक रंगाचे कपडे घरी ठेवा. नऊनंतर ऊन चढलं की कळप झाडीत शिरतात. मग सागरेश्वराचं देऊळ पाहून जेवायच्या वेळेला घरी पोचता येतं.